तेविसाव्या फेरीची घंटा

माझ्या धाकट्या बहिणीला राग येतो असं म्हणणं म्हणजे विस्तव गरम होतो असं सांगण्यासारखं आहे. आमची आई म्हणायची, ही पाळण्यातही रडली नाही, भांडली. मेव्हणे स्वभावाने गरीब. ते म्हणतात, "लग्न झाल्यापासून मला कधी थंडी वाजली नाही." पण विनाकारण चिडलेली मी तिला अजून पाहिली नाही. कारण नेहमी असतं, आणि बहुतेक वेळा ते समोर खुर्चीत बसलेलं असतं.

ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करते. शर्टांची काजं यंत्रावर होतात, पण जाड कोटांची अजून हातानेच. एका काजाला बेचाळीस टाके. एकेचाळीस नाहीत, त्रेचाळीस नाहीत. बोलता बोलता, कुणाला तरी झापता झापता तिचे टाके मोजून होतात. एकदा गंमत म्हणून मी तिच्या कानाशी लागून भलतेच आकडे म्हणायला लागलो, सदतीस, बारा, नव्वद. तिने मान वर केली नाही. सुई माझ्या गुडघ्यात टोचली आणि "एकोणतीस" म्हणत पुढचा टाका घातला. गुडघा चार दिवस दुखत होता, आणि मला मात्र कौतुकच वाटत होतं.

कारखान्याच्या मागेच मोठं मैदान. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्या मोजायला माणूस कमी पडला. कुणीतरी म्हणालं, त्या काजवाल्या बाईला बोलवा. ती गेली ती गेलीच. तेव्हापासून प्रत्येक रविवारी तिथे. धावणारी मुलं तिला मावशी म्हणायची आणि मैदानावरचे साहेबलोक तिच्या पाठीमागे टाचणी म्हणायचे.

फेऱ्या मोजण्यात काय एवढं, असं मलाही वाटायचं. एक दिवस तिच्या शेजारी बसलो आणि माझी पार भंबेरी उडाली. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. अठरा-वीस जणी सुटतात तेव्हा एकत्र असतात. दहाव्या फेरीपर्यंत त्यांची माळ तुटते, आणि पंधराव्या फेरीला पुढची मागचीला पाठीमागून गाठून ओलांडते. मग कोण पुढे आणि कोण मागे, देव जाणे. म्हणून मोजणाऱ्या प्रत्येकाला चारच जणी वाटून देतात. आपली मुलगी समोरून गेली की घड्याळात पाहायचं आणि तक्त्यावर त्या फेरीपुढे वेळ लिहायची. शेवटची फेरी उरली की पुढच्या मुलीसाठी घंटा वाजते. घंटा ऐकली की मुली अंगात असेल नसेल तेवढं सगळं काढतात. आणि घंटा वाजली त्या फेरीपुढे माझी बहीण एक छोटा 'घ' काढून त्याला गोल करायची. नियमात हे नव्हतं, पण तिचं पाहून बाकीचेही करायला लागले.

आता शिडीबद्दल सांगतो. शिडी म्हणजे टपाल कचेरीत पत्रं निवडणारी एक पोरगी. इतकी उंच की वरच्या खणातली पत्रं काढायला तिला स्टूल लागत नसे, म्हणून शिडी. पहाटे चौदा किलोमीटर धावायची, मग आठ तास उभ्याने काम, संध्याकाळी पुन्हा आठ किलोमीटर. तिचे प्रशिक्षक रोज सकाळी तिला वजनकाट्यावर उभी करायचे. पाव किलो जास्त भरलं की दुपारचं जेवण बंद. माझ्या बहिणीला हे कळलं तेव्हा ती डबा घेऊन टपाल कचेरीत गेली, खिडकीतून आत सरकवला आणि म्हणाली, "खा. काट्याला सांग, मावशीने दिलंय." पोरगी इतकी घाबरट की डबा रिकामा करून परत देतानाही तिने आजूबाजूला पाहिलं.

त्या वर्षी निवड शर्यत होती. पहिली येईल ती एकटी देशाच्या संघात. दुसरीला काही नाही. शिडी सव्वीस वर्षांची होती, घरचे म्हणत होते आता पुरे, आणि कचेरीने शेवटची बिनपगारी रजा दिली होती. म्हणजे हीच वेळ.

तिला टक्कर होती ती एकाच मुलीची. ठेंगणी, गरगर पाय हलवणारी, सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरीचे सर संघटनेच्या सचिवांचे भाचेजावई. यातून तुम्ही काय समजायचं ते समजा. मात्र पोरगी स्वतः सरळ होती, हे आधीच सांगून ठेवतो.

शर्यत सुरू झाली. विसाव्या फेरीला शिडीने भिंगरीला मागे टाकलं. बाविसाव्या फेरीला दोघींत तीस पावलांचं अंतर. माझी बहीण इकडे वेळा लिहिते आहे, ओठ घट्ट मिटलेले. आणि तिकडे सचिवांचं काय चाललं होतं? मोठे पाहुणे आले होते आणि त्यांना निघायची घाई होती. सचिवांना पाहुण्यांसोबत घंटा वाजवतानाचा फोटो हवा होता. फोटोवाला म्हणाला, "साहेब, लवकर, उजेड चांगला आहे." तेवीस फेऱ्या पुऱ्या करून शिडी समोर आली. अजून दोन बाकी, उरलेल्या फेऱ्या दाखवणाऱ्या पाटीवरही दोनच. आणि या गृहस्थाने पाहुण्यांचा हात धरून घंटा बडवली!

खरी गंमत पुढे आहे. गंमत कसली, मस्तकात तिडीक जाते अजून. पाटी बदलणारे एक शाळेतले कवायतीचे मास्तर होते, पापभीरू माणूस. साहेबांनी घंटा वाजवली म्हणजे आपलीच पाटी चुकली असणार, असं समजून त्यांनी झटकन दोनची एक केली. बरोबर असलेली पाटी चुकीच्या घंटेशी जुळवून घेतली!

"दोन! अगं दोन राहिल्यात!" माझी बहीण तक्ता टेबलावर आपटून उठली आणि थेट धावपट्टीच्या कडेला गेली. पण घंटेपुढे तिचा आवाज कुठे पोचणार? शिडी सुटली होती. ती फेरी अडुसष्ट सेकंदांत. चोविसाव्या फेरीच्या रेषेवर तिने छाती टेकवली आणि तिथेच कोसळली. मागून भिंगरी आली आणि न थांबता पुढे गेली, कारण वळणावर तिच्या सरांनी तिला दोन बोटं दाखवली होती. शिडीला उठवून पुन्हा धाव म्हणेपर्यंत तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. ती दहा पावलं गेली आणि बसली. भिंगरी पंचवीस फेऱ्या पुऱ्या करून पहिली.

नियम असा की अर्ध्या तासात लेखी तक्रार आली तरच ऐकतात. सचिव दहाव्या मिनिटाला मोजणाऱ्यांच्या टेबलाशी आले. हातात कोरे तक्ते.

"जरा गडबड झाली," ते म्हणाले. "सगळ्यांनी स्वच्छ अक्षरात नवे तक्ते लिहून द्या. घंटेची खूण चोविसाव्या फेरीपुढे."

"घंटा तेविसाव्या फेरीला वाजली," बहीण म्हणाली.

"ताई, मुलीने घाई केली. घंटा वाजायच्या आधीच सुटली आणि एक फेरी आधी थांबली. सगळ्यांनी पाहिलं."

"सगळ्यांनी पाहिलं ते मी लिहिलंय. तुम्ही काय पाहिलंत? फोटोवाल्याकडे पाहत होतात ना?"

बाकीचे चौघे नवे तक्ते लिहायला लागले. एकाचा मुलगा संघटनेच्या वसतिगृहात होता, दुसऱ्याला पंच म्हणून बढती हवी होती. कवायतीचे मास्तर तर पाटीच्या मागे जाऊन उभे राहिले होते, जणू पाटीच त्यांचं पांघरूण.

"तुमच्या कारखान्याला आमच्या संघाच्या जर्किनांचं काम जातं," सचिव हळूच म्हणाले. "विसरू नका."

"जर्किनांना चेन असते," बहीण म्हणाली. "मी काजं करते. धमकी द्यायची तर आधी कपडा बघून द्यावी माणसाने."

चोर तो चोर वर शिरजोर! बहीण तक्ता छातीशी धरून शिडीला शोधायला गेली. पोरगी कपडे बदलायच्या खोलीत फरशीवर पडलेली, तोंडावर टॉवेल. शेजारी प्रशिक्षक उभे, बुटाच्या नाडीकडे बघत.

"तक्रार लिही," बहीण म्हणाली. "पंधरा मिनिटं उरलीत."

टॉवेलखालून आवाज आला, "जाऊ दे मावशी. माझंच चुकलं. मी मोजायला हव्या होत्या."

"तू धावायचं की मोजायचं? मोजायला मला बसवलंय ना तिथे?"

प्रशिक्षक घसा साफ करून म्हणाले, "उगाच वाकड्यात शिरून काय उपयोग? तिला पुढेही याच लोकांत राहायचंय."

बहिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते भिंतीला टेकले. "पाव किलोसाठी पोरीचं जेवण तोडता. तेव्हा जीभ चालते. आज अख्खी फेरी चोरली, आणि आज घसा बसला?"

कागद नव्हता. शिडीच्या छातीवरचा कापडी क्रमांक तिने टाचण्या काढून उलटा केला, पेन पोरीच्या हातात कोंबलं. शिडीने लिहायला घेतलं, तर 'तक्रार' हा शब्दच दोन ओळींत गेला. तरी लिहिलं. तीन मिनिटं राहिली असताना दोघी तक्रार समितीच्या खोलीत पोचल्या.

समितीत तीन म्हातारे होते. आमच्याच वयाचे, म्हणजे बसल्या जागी झोप येणारे. त्यांच्यापुढे पाच तक्ते. चारांत 'घ' चोविसाव्या फेरीपुढे, एकात तेविसाव्या.

"चार विरुद्ध एक," सचिव म्हणाले. "शिवाय बाईंचा त्या मुलीवर जीव आहे. डबे नेतात तिला."

"नेते! आणि नेईन!" बहीण टेबलावर हात आपटून म्हणाली. "पण हे चार तक्ते बघा. बत्तीस मिनिटं उन्हात, हातात घड्याळ धरून लिहिलेले कागद हे? एक घामाचा डाग नाही, एक खोडाखोड नाही. माझा बघा!"

एका म्हाताऱ्याने चष्मा चढवून तक्ता उजेडात धरला. आणि त्याच वेळी दार ढकलून भिंगरी आत आली. पायांत मोजे, हातात बूट, मागून तिचे सर "अगं, अगं" करत.

"घंटा मीपण ऐकली," ती म्हणाली. "तेव्हा दोन राहिल्या होत्या. सरांनी बोटं दाखवली नसती तर मीपण थांबले असते."

"तुला कळतंय का तू काय बोलतेस?" सर ओरडले.

"कळतंय. मला संघात जायचंय, पण असं नाही. मी तिला हरवलेलं नाही."

समितीने निर्णय दिला, आठवड्याने शर्यत पुन्हा. पण सचिवही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्याच कागदावर त्यांनी आणखी एक ओळ घालून घेतली. धावपट्टीवर आरडाओरडा केल्याबद्दल मोजणीस बसलेल्या बाईंना मैदानात प्रवेश बंद. ज्याने चुकीची घंटा वाजवली त्याला काही नाही. बंदी जिने बरोबर मोजलं तिला! एकोणीस वर्षांची ही बक्षिशी.

बहीण घरी आली. मी म्हटलं, आता भांडी आपटेल. पण ती गप्प बसून राहिली, आणि मेव्हणे मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, मला भीती वाटतेय. ही ओरडत नाहीये."

आठवड्याने शर्यत होती ती कामाच्या दिवशी, दुपारी; बहिणीने रजाच टाकली. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, शेवटच्या रेषेच्या बरोबर समोर, जाळीचं कुंपण आहे. कुंपणाबाहेरचा रस्ता सगळ्यांचा. मला स्टूल घेऊन यायचा हुकूम झाला. ती स्टुलावर चढली, पदर खोचला, एका हाताने जाळी धरली. शर्यत सुटली. शिडी रेषेवरून पहिल्यांदा गेली आणि माझ्या बहिणीचा आवाज मैदानभर घुमला, "चोवीस राहिल्या!"

राखणदार पळत आला. "मावशी, ओरडू नका."

"ओरडत नाही, मोजतेय. रस्त्यावर मोजायला बंदी आहे? कागद दाखव. तेवीस राहिल्या!"

दहाव्या फेरीला कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली. काजं करणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, इस्त्रीवाल्या, सगळ्या डबे हातात घेऊन कुंपणाला लागल्या. मग काय विचारता! "चौदा राहिल्या!" चाळीस बायकांचा एक आवाज. मैदानात मोजायला बसलेले लोक आपल्या तक्त्यावर लिहायच्या आधी आमच्याकडे मान वळवून बघत होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शिडीचे पाय आठवड्यापूर्वीच्या शर्यतीतून पुरते मोकळे झाले नव्हते. पंधराव्या फेरीला ती डावा पाय ओढत होती. भिंगरी पुढे गेली. अठराव्या फेरीला शिडीने गाठलं, एकविसाव्या फेरीला पुन्हा मागे पडली. "दोन राहिल्या!" आम्ही सगळे इतक्या जोरात ओरडलो की घंटेजवळचा माणूस दचकून चार पावलं मागे सरला. "एक राहिली!" आणि मग घंटा. शेवटच्या वळणावर शिडी बाहेरून आली. रेषेवर ती दोन पावलं पुढे होती.

भिंगरी गवतावर आडवी झाली. आणि शिडी थांबलीच नाही.

ती पळतच राहिली. प्रशिक्षक ओरडले, "झालं, थांब!" तिने पाहिलं नाही. सचिव दोन्ही हात हलवत आडवे आले, "पंचवीस झाल्या, पंचवीस!" ती त्यांना वळसा घालून पुढे गेली. तोंड पांढरंफटक, डोळे पुढे लागलेले, डावा पाय फरफटत वळण घेऊन ती कुंपणाकडे आली. ती माझ्या बहिणीकडे बघत होती.

"झाल्या गं," बहीण म्हणाली. एवढ्या हळू बोललेलं मी तिला उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "पंचवीस झाल्या. मी मोजल्यात. तू पहिली आलीस."

"खरंच?"

"खरंच. थांब आता."

तेव्हा ती थांबली. जाळीत बोटं अडकवून उभी राहिली आणि गदगदा रडायला लागली. बहिणीने बाहेरून तिची बोटं धरून ठेवली, दम खाली बसेपर्यंत. मग स्टुलावरून उतरली, पदर सोडून पुन्हा घट्ट खोचला आणि दरवाजाच्या दिशेने चालायला लागली.

"अगं, जिंकली ना ती! आता कुठे निघालीस?" मी स्टूल सावरत विचारलं.

"पोरगी रेषा ओलांडूनही पळत होती, दादा. कुणावर भरवसा उरला नाही तिचा. त्या घंटा बडवणाऱ्याला जाब विचारून येते."

दाराशी तोच राखणदार होता. त्याच्या खिशात बंदीचा कागद होता, वरचं टोक दिसत होतं. त्याने माझ्या बहिणीचं तोंड पाहिलं आणि कडी काढली.