कंडक्टरकाकांची साबणाची खोली

इमारतीतल्या लोकांनी कंडक्टरकाकांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर. तोवर ते दिसायचेच कुठे? पहिली बस त्यांची, आणि बऱ्याचदा शेवटचीही त्यांचीच. एका सकाळी पाहावं तो हा गृहस्थ तळमजल्याच्या पायरीवर मांडी घालून, जीभ दातांत धरून, वर्तमानपत्रातलं साबणाचं कूपन कापतोय. तुटक रेषेवरून कात्री तसूभरही हलत नव्हती.

"ठेवा ती कात्री!" वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. काकू घरी बसून लोकांचे कपडे शिवायच्या. "कापडाची आहे ती. कागद कापून बोथट केलीत ना, तर तुमच्या शर्टाची काजं दातांनी पाडीन!"

"एवढं एकच गं."

"कालही एकच होतं."

काकांनी जन्मभर तिकिटं फाडली होती. कूपन म्हणजे त्यांच्या लेखी तिकीटच. तेही मुदतीत वापरलं नाही तर वाया जायचं, आणि वाया गेलेलं तिकीट त्यांना बघवत नसे. सुरुवात खरं तर एका साबणानं झाली. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात दोन वड्यांवर एक फुकट होती, त्यात काकांच्या खिशात त्याच साबणाचं कूपन. गल्ल्यावरच्या मुलीनं दोन्ही सवलती एकदम दिल्या आणि काका किल्ला सर केल्यासारखे घरी आले. मग त्यांना युक्ती उमगली. कूपन हातात आलं म्हणून धावत सुटायचं नाही. ते जपून ठेवायचं, त्याच वस्तूवर सेल लागायची वाट बघायची, आणि लागला की दुकान गाठायचं. थांब्यावर उभं राहण्याचा कंटाळा त्यांना कधीच नव्हता.

शेजारीपाजारीही आपापली कूपनं आणून देऊ लागले. वरच्या मजल्यावरचा न्हावी तर दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली वर्तमानपत्रं शिळी झाली की गठ्ठ्यानं आणून द्यायचा.

साठा आधी बाथरूमच्या फळीवर मावत होता. मग तो कॉटखाली गेला. मग लेकीच्या रिकाम्या खोलीत शिरला. त्याच सुमारास लेकीला दिवस गेल्याची बातमी आली आणि काकांना हुरूपच चढला. डायपर, पावडर, कागदी रुमाल, धुण्याचा साबण, टूथपेस्ट. खोकी आत जात राहिली. जागा नाही असं काकू म्हणाल्या की काकांच्या तोंडून सवयीनं निघायचं, "पुढे सरका, आत खूप जागा आहे." आणि खरंच, एक खोकं आडवं करून, एक उभं करून ते नवं खोकं बसवायचेच. थांब्यावर माणूस सोडून गाडी पुढे नेली, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"आणि हा शाम्पू कुणासाठी?" काकूंनी काकांच्या तुळतुळीत टकलाकडे पाहून विचारलं.

"येणाऱ्या पाहुण्यासाठी. सेल उद्या संपत होता."

"डोक्यावर जेवढे केस, तेवढीच आत अक्कल," काकू म्हणाल्या आणि हसू लपवायला त्यांनी मशीन जोरात चालवलं.

लेकीचा नवरा बोटीवर नोकरीला. तो परत येईपर्यंत बाळाला घेऊन ती आईवडिलांकडे राहणार, हे ठरलेलं होतं. काका त्या दिवसांकडे डोळे लावून बसले होते, आणि त्याला कारण होतं. लेक लहान असताना ती उठायच्या आधी ते घर सोडायचे आणि ती झोपल्यावर परतायचे. तिचं पहिलं पाऊल त्यांना काकूंकडून कळलं होतं. नातवंडाचं मात्र त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

एका दुपारी लेक न कळवताच आली. पाळणा कुठे ठेवायचा ते बघावं म्हणून तिनं आपल्या खोलीचं दार ढकललं. दार अर्धंच उघडलं. आतून एक खोकं घसरलं आणि टूथपेस्टच्या ट्यूबा तिच्या पायांशी लोळू लागल्या.

लेक आधी हसली, पोट धरून हसली. मग तिनं खोलीत डोकावून पाहिलं.

"बाबा, मी झोपू कुठे?"

"अगं, हे सगळं तुमच्यासाठीच तर आहे..."

"ते कळलं हो. पण आम्हालाच जागा नाही राहिली." ती रागावली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "सासूबाई म्हणत होत्या, त्यांची एक खोली मोकळी आहे. मी तिकडेच राहते. तुमची धावपळ नको."

ती गेल्यावर काका बराच वेळ त्या दारात उभे राहिले. एक खोकं आडवं केलं, परत उभं केलं. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाल्या, "गाडी भरलीय हो. कुणाला तरी उतरवा."

काकांनी शाम्पूचं खोकं खांद्यावर घेतलं आणि जिना चढून न्हाव्याचं दार वाजवलं. जन्मभर लोकांना आत सरकायला सांगणारा माणूस आज दुसऱ्याच्या उंबऱ्यावर अवघडून उभा होता.

"आत थोडी जागा आहे का रे?"

न्हाव्यानं खोक्याकडे पाहिलं, मग काकांच्या डोक्याकडे. "काका, योग्य ठिकाणी आलात एकदाचे! आणा आत. निम्मी कूपनं माझ्याच दुकानातली आहेत, मग मालही निम्मा माझाच की. तो साबणही आणा."

तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी कागदी रुमालांची आणि पावडरीची खोकी मागून घेतली. टूथपेस्ट समोरच्या दाराआड गेली. ज्याला जे लागेल ते त्यानं ज्या घरी असेल तिथून न्यावं आणि हाती आलेलं कूपन काकांना द्यावं, असं बोलता बोलता जिन्यातच ठरून गेलं. संध्याकाळपर्यंत पोरंटोरं, बायका, पुरुष खोकी घेऊन वरखाली करत होते आणि काका मधल्या मजल्यावर उभे राहून ओरडत होते, "सावकाश! आधी उतरणाऱ्यांना वाट द्या!"

खोलीत डायपर तेवढे राहिले. काकूंनी फरशी पुसली, खिडकी उघडली. काकांनी फोन लावला.

"ये गं," ते म्हणाले. "आत खूप जागा आहे."

पलीकडे लेक एकदम हसली. "खरं सांगताय? आईला द्या बघू फोन."

"खरंच आहे गं," काकूंनी तिथूनच ओरडून सांगितलं. "मी खोली झाडून घेतलीय!"

नात त्याच खोलीत रांगली. तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा काका समोर फरशीवर बसून, काकूंनी आणून दिलेल्या स्वतःच्या वेगळ्या कात्रीनं कूपन कापत होते. ते कूपन वेडंवाकडं कापलं गेलं.

जावई आता परत आलाय, लेक आपल्या घरी गेलीय, पण नात रोज दुपारी आजोबांकडेच असते. घरातला साबण संपला की काका तिला कडेवर घेऊन न्हाव्याकडे वर जातात.