ओढ्यापलीकडचे दूध

आमच्या पिंपरीच्या कॉलनीत दूध घालणारा गवळी चिखलीचा होता आणि इंद्रायणीच्या काठी, वाटेतल्या ओढ्यापलीकडे त्याचा मळा होता. तिथे शनिवारची रात्र तंबूत काढायची, हा बेत माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा. ती पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवी, त्यांची शिबिरे घेई. आम्ही तिला कप्तानच म्हणत असू. तिसरी मैत्रीण आमच्यात सर्वांत खोडकर. लेकुरवाळी मी एकटीच. माझा मुलगा तेव्हा मऊ भात चाटू लागला होता, पण दूध मात्र माझेच पिई.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "एका रात्रीनं काय होतंय? गवळ्याचं दूध असतंच सकाळी. बोंडल्यानं पाजीन मी."

नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही. खरे सांगायचे तर मीही ती शोधली नाही.

श्रावणातली सर संध्याकाळी आली ती थांबलीच नाही. तंबूच्या ओल्या कापडाला ताग आणि जुने तेल यांचा मिसळलेला वास होता. कंदिलाच्या उजेडात ते कापड एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटासारखे वर-खाली होई आणि त्यापलीकडे नदी अखंड, खालच्या पट्टीत बोलत राही.

"कापडाला आतून बोट लावायचं नाही. लावलंत की तिथून गळतं," कप्तानने बजावले.

"लावलं तर काय शिक्षा, कप्तान?" असे म्हणत खोडकर मैत्रिणीने बोट लावलेच. पहिला थेंब कप्तानच्याच मानेवर पडला. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसू ओसरल्यावर ध्यानात आले, की दिवे लागल्यापासून मला मुलाची एकदाही आठवण झाली नव्हती.

सकाळी गवळी डोक्यावर पोते पांघरून आला. "वढा चढलाय, बाई. आज बैल न्हाई घालायचा पान्यात."

"मग कॉलनीतलं दूध?"

"कुटलं दूध? त्ये काय, किटल्या भरून पडल्यात."

घरी बोंडले होते. त्यात घालायचे दूध माझ्यासारखेच ओढ्याच्या या बाजूला अडकले होते. मी ओढ्यापर्यंत चालत गेले. तांबूस पाणी बाभळींच्या कमरेला लागले होते. परतताना ऊर दगडासारखा होऊन ठणकू लागला. बाजरीच्या आडोशाला मी दूध पिळून काढले. त्या गार पावसात माझ्या बोटांना तेवढीच एक धार ऊन लागत होती. मातीत ती क्षणभरही पांढरी राहिली नाही.

दुपारी तंबूत पाणी शिरले, तेव्हा गवळ्याने आम्हाला आपल्या खोपटात नेले. आत त्याची बायको हिवतापाने कुडकुडत पडली होती आणि तिच्या कुशीत दीडेक महिन्याचे मूल किरट्या आवाजात रडत होते. त्या रडण्यासरशी माझी चोळी भिजली. पदर सावरण्याआधीच तिने पाहिले.

"तान्हं घरी ठिवून आलाय व्हय, ताई?"

मी मान हलवली.

"वाईच पाजता का माज्याला? तापानं दूध आटलंय माजं. म्हशीचं दिलं तर वकतंय."

कप्तानने माझ्याकडे पाहिले नाही. चुलीतले लाकूड उगाच पुढे सरकवले. मी मूल घेतले. त्याच्या टाळूला गोवऱ्यांच्या धुराचा आणि एरंडेलाचा वास येत होता. ते आधाशासारखे ओढू लागले, आणि माझ्या खांद्यांपासून पाठीपर्यंत जे सैल होत गेले, त्याला सुखाशिवाय दुसरे नाव नव्हते. माझा मुलगा त्या घटकेला काय पीत असेल, हा विचार आला. पण मागाहून आला.

सोमवारी ओढा उतरला. गाडी जुंपलेली असताना त्या बाईने मूल पुन्हा पुढे केले. "जाता जाता एकडाव, ताई." घरी पोचेस्तोवर पुन्हा भरेल, असे मनाशी म्हणत मी पाजले. दोन्हीकडून पाजले.

कॉलनीत पोचले, तर मुलाचा आवाज बसला होता. रडताना नुसती हवा बाहेर येत होती.

"काल पेज दिली, साखरपाणी दिलं," सासूबाई म्हणाल्या. "शेजारून वाटीभर दूध मिळालं, ते त्यानं थुंकून टाकलं. आता लगेच घेऊ नकोस हं. बाहेरून आलीस. अंगावर पाणी घे, पहिली धार काढून टाक, मग पाज."

बाहेरून आलेल्या आईने साचलेले दूध मुलाला द्यायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत.

"टाकण्याइतकं उरलं नाही," मी म्हणाले, आणि का ते सांगितले.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाल्या, "आजारी बाईचं लेकरू. बरं केलंस. जा, आंघोळ उरक."

त्या रागावल्या असत्या तर मी कशीबशी आंघोळ उरकून मुलाकडे धावले असते. मी मोरीचे दार लावले. बंबातले पाणी कडकडीत होते. धुराचा वास गेला, चिखल गेला. दाराबाहेर ती बसक्या आवाजाची हवा चढत होती आणि सासूबाई म्हणत होत्या, "आली हं, आली आई."

अंग केव्हाच स्वच्छ झाले होते. पाणी मानेवरून पाठीवर उतरत होते, आणि त्या वाफेत कुणालाच माझ्याकडून काही नको होते. मी आणखी एक तांब्या बुडवला, आणि सावकाश ओतला.