तारेला लावलेला कान

बेचाळीसच्या धामधुमीनंतर आमचं सायक्लोस्टाइल यंत्र उंब्रजजवळच्या एका उसाच्या फडातल्या खोपीत लपवलं होतं. ते सापडलं असतं तर पत्रकं बंद, आणि पत्रकांशिवाय आमची क्रांती म्हणजे नुसत्या गप्पा. म्हणून पोलिसांचा टेलिफोन ऐकायचं ठरलं.

ऐकणारे म्हणजे फडाचे मालक, पलटणीत टेलिफोनवर नोकरी करून पेन्शनीत आलेले हवालदार. सडकेची तार त्यांच्या बांधावरून जायची. चिंचा पाडायच्या आकडीनं ते तिला वायर अडकवत, दुसरं टोक ओल्या मातीत खुपसत आणि पलटणीतून आणलेला फोन कानाला लावत.

दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकणं हा गुन्हा, असं कायदा म्हणत होता. तोच कायदा आमची पत्रं फोडून वाचत होता. यावर मी दोन पानी पत्रक लिहून तयार ठेवलं होतं. हवालदारांनी ते न वाचताच खाली घालून बसायला घेतलं.

एका दुपारी फौजदार शेजारच्या ठाण्याला सांगू लागला की उद्या सकाळी त्या खोपीवर धाड घालायची. मध्येच खरखर झाली. फौजदारानं विचारलं, "ऐकू येतंय का?"

हवालदार ताडकन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "जी साब. एकदम साफ."

त्यावर फौजदारानं दिलेली शिवी आम्हाला फोनशिवायही ऐकू आली असती.

यंत्र आम्ही तेवढ्यात उसाच्या पाल्याखाली घालून बैलगाडीनं हलवलं. सकाळची वाट न बघता फौजदार आला, तेव्हा खोपीत म्हैस रवंथ करत होती. मग बांधावरचा फोन बघून, चोरून ऐकल्याचा खटला भरतो, म्हणाला.

"आवं सायेब, ऐकू येतंय का, आसं तुमीच इचारलंसा," हवालदार म्हणाले. "न्हाई म्हनलो असतो, तर सरकारशी खोटं बोलनं झालं असतं."

फौजदारानं हिशेब केला. खटला भरायचा तर धाडीची बातमी आपणच फोडली, हे कोर्टात सांगावं लागणार. फोन जप्त करून तो निघून गेला.

मी चिडलो. खटला चालायलाच हवा होता; पत्रं फोडणाऱ्यांना भर कोर्टात जाब विचारता आला असता. हवालदारांना कोर्टापेक्षा पेन्शन प्यारी होती. मग त्याच संध्याकाळी सगळी हकिकत छापायला घेतली. हवालदार शेजारी बसून मजकूर ऐकत होते.

"ती शिवी तेवढी छापू नगंस, गड्या," ते म्हणाले. "त्ये त्येचं खासगी बोलनं हाय."