न पाहिलेल्या चित्रपटाचं परीक्षण

लोणावळ्यातल्या आमच्या चर्चचं दर महिन्याला चार पानी पत्रक निघतं. पहिल्या पानावर शास्त्रवचन, मग वाढदिवस, आजारी सभासद, उपासनेच्या वेळा, आणि शेवटच्या पानावर मी. सध्या गाजत असलेलं पुस्तक किंवा चित्रपट ख्रिस्ती कुटुंबानं वाचावं-पाहावं की नाही, हे पाळक म्हणून मी तिथं सांगायचो. सात वर्षं सांगत होतो. लोक शेवटचं पान आधी वाचतात असा माझा समज होता. घडी घातल्यावर ते वरच्या बाजूला येतं म्हणून, असं माझी बायको म्हणायची.

एक गोष्ट कबूल करतो. ज्यावर ज्यावर मी लिहिलं, त्यातलं निम्मंसुद्धा वाचलेलं किंवा पाहिलेलं नव्हतं. पुस्तकाचं मलपृष्ठ वाचायचं, चित्रपटाची दोन मिनिटांची झलक मोबाइलवर बघायची आणि मत ठोकून द्यायचं. मत ठाम असलं की कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक भुताचा विनोदी चित्रपट आला. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांतून त्याचंच गाणं ऐकू यायचं. पोस्टरवर पांढऱ्या झग्यातला घाबरलेला पाद्री, हातात क्रूस, आणि वर छताला पालीसारखी चिकटलेली एक बाई. मला पानभर मजकूर मिळाला. श्रद्धेची टिंगल, अंधाराचा उदोउदो वगैरे सगळं लिहिलं, आणि शेवटी पाद्री भुताला पळवून लावतो एवढंच काय ते समाधान, असंही लिहून टाकलं. दुसरं काय होणार होतं?

पत्रक वाटलं त्या रविवारी उपासनेनंतर मी दारात उभा राहून हस्तांदोलन करत होतो. आमच्या मंडळीत हायस्कुलातून निवृत्त झालेल्या एक मराठीच्या बाई आहेत. सत्तरीला आल्या, पण स्कूटर चालवतात. त्यांनी माझ्या हातात पत्रक ठेवलं. लाल पेनानं तपासलेलं.

"दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत. ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण शेवटही चुकलाय. पाद्री भुताला पळवत नाही."

"बाई, तुम्ही पाहिलात तो चित्रपट?"

"दोनदा. तुम्ही?"

माझ्या डाव्या हातात बायबल होतं आणि बाईंच्या मागं वीसेक माणसं थांबली होती. खोटं बोलायला जागा फार वाईट होती.

"नाही," मी म्हणालो.

"उद्या सोमवार, तुमच्या सुट्टीचा दिवस. बाराचा खेळ आहे. मी स्कूटर घेऊन येते."

तर सोमवारी जुन्या हायवेनं मी बाईंच्या मागं बसून निघालो, मांडीवर पिशवी घेतलेली आणि डोक्यावर हेल्मेट. तळेगावच्या चित्रपटगृहात शिरल्यावरही मी हेल्मेट काढलं नाही. शेवटी दारावरच्या माणसानं काढायला लावलं. खुर्चीत बसतो तोच शेजारून आवाज आला, "पाळकसाहेब, तुमी हितं?"

इंदुरीचे मांडववाले. आमच्या नाताळचा मांडव दरवर्षी तेच घालतात.

"कामासाठी आलोय, भाऊ," मी म्हणालो.

"व्हय व्हय. आमी बी कामासाठीच," असं म्हणून त्यांनी पॉपकॉर्नची पिशवी पुढं केली.

चित्रपटातला पाद्री भित्रा होता. पहिल्याच प्रसंगात घाबरून तो प्रभूची प्रार्थना मधेच विसरतो. मला राग यायला हवा होता, पण मी चालवलेल्या पहिल्या अंत्यविधीला मीही विसरलो होतो. मी इतका हसलो की बाईंनी वळून पाहिलं.

मध्यंतरानंतर कळतं की ती भूत झालेली बाई कुणाला छळत नाहीये. तिचं बोलणं कुणी ऐकून घेतलेलं नाही, एवढंच. गाव पळून जातं. पाद्रीही दारापर्यंत पळतो, थांबतो, आणि थरथरत परत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसतो. मंत्र नाही, तंत्र नाही. ती बोलते, तो ऐकतो.

मांडववाल्यांनी मला कागदी रुमाल दिला. "घ्या. मागल्या टायमाला मी बी लय रडलो, म्हनून आज जादा आनलेत."

परतताना वाटेत आम्ही चहाला थांबलो. दोनदा का पाहिलात, असं मी बाईंना विचारलं.

"हे गेले तेव्हा सगळे आले," त्या बिस्किट चहात बुडवत म्हणाल्या. "प्रार्थना केली आणि गेले. तुम्हीसुद्धा. तुम्हाला कामं होती, त्यात चूक काही नाही. पण कुणी नुसतं बसलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. मी आणखी एक चहा सांगितला आणि विचारलं, "कसे होते सर?" बाई यजमानांबद्दल तासभर बोलत होत्या. सर भाजी आणायला गेले की रस्त्यात वाचत यायचे आणि नेमकी भाजीच विसरायचे, हे मला बारा वर्षं त्यांचा पाळक असून माहीत नव्हतं.

पुढच्या अंकात मी लिहिलं: मागचं परीक्षण चित्रपट न पाहता लिहिलं होतं, माफी असावी, आता पाहिला आहे, तुम्हीही पाहा. चर्चच्या कमिटीतले एक वडीलधारे नाराज झाले. पाळकानं असं छापणं शोभत नाही, म्हणाले. मी ऐकून घेतलं. आठवड्यानं त्यांनीच मला बाजूला घेऊन तो चित्रपट अजून कुठं लागला आहे का, ते हळूच विचारलं. बायकोनं मात्र ते पान पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

तेव्हापासून मी नियम केला, पूर्ण वाचल्या-पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. त्यामुळे माझं पान आता तीन महिन्यांतून एकदा येतं. सध्या बाईंनी एक सहाशे पानांची प्रेमकथा दिली आहे. मी दोनशे चाळिसाव्या पानावर आहे. नायिकेला एका डॉक्टरनं मागणी घातली आहे आणि तो माणूस मला अजिबात पसंत नाही. काल बायकोनं विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "थांब जरा, ती आत्ता त्याला उत्तर देतेय."