रक्त द्यायच्या आधीची गोळी

सदर इसम वजन-मापे निरीक्षक या पदावर कार्यरत असून वय वर्षे छप्पन्न, बांधा मध्यम, मान आखूड, स्वभाव संशयी. खोटा तराजू नुसत्या नजरेने ओळखण्याचा दीर्घ अनुभव. लाच घेतल्याची अथवा कोणावर विश्वास ठेवल्याची नोंद नाही. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतो, असे त्याचे स्वतःचे निवेदन आहे.

या निवेदनावर बायकोचा काडीचाही विश्वास नव्हता. साहेब जेवता जेवता पेंगायचे आणि ऐन उन्हाळ्यात स्वेटर शोधायचे.

"या वेळी रिपोर्ट बिघडला ना, की गोळ्या माझ्या ताब्यात," तिने बजावलं. "समोर बसवून देईन, नातवाला देतात तशी."

ज्याला पाहून अख्ख्या बाजाराची पाचावर धारण बसते, त्याला घरात गोळी भरवायची? साहेबांच्या हे जिव्हारी लागलं.

तसे ते गोळी घेत. आठवली तर. तपासणीची तारीख ठरली आणि त्यांची स्मरणशक्ती एकदम तल्लख झाली. आधीचे चार दिवस गोळी नेमाने पोटात गेली.

आदल्या संध्याकाळी बायकोने लॅबला फोन लावला. "गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय," तिकडून उत्तर आलं.

"ऐकलंत ना, अहो?"

"ऐकलं गं. बहिरा नाही झालो अजून."

सकाळी साहेब बाथरूममध्ये शिरले, नळ मोठा सोडला आणि गोळी गिळून मोकळे झाले. तपासणीच्या वेळी रक्तात ताजा माल असलेला बरा, असा त्यांचा विचार.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"गंमतच आहे. हा टीएसएच म्हणतो, कित्येक आठवडे गोळी धड मिळालेली नाही. हा टी-फोर म्हणतो, गोळ्यांची नुसती चंगळ चाललीय. दोघांचं आपसात जमत नाही. गोळी घेऊन आला होतात का?"

साहेबांनी छताकडे पाहिलं.

"अहो, त्या विचारतायत काहीतरी."

"म्हणजे… एखादी गेली असेल पोटात."

"आणि त्याआधी महिनाभर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

साहेब येणार अशी कुणकुण लागली की पारड्याखालचं मेण घाईघाईने खरवडणारे दुकानदार नेमके असेच छताकडे पाहत. अशांना साहेबांनी आजवर दयामाया दाखवली नव्हती.

"मी डोस वाढवायला निघाले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न घेतलेल्या गोळीचा डोस वाढवून काय करू? आहे तीच रोज घ्या, सहा-आठ आठवड्यांनी परत बघू. आणि त्या दिवशी आधी रक्त, मग गोळी."

"घेतील," बायको म्हणाली. साहेबांनी हरकत नोंदवली नाही.

हल्ली सदर इसम रोज सकाळी गोळी गिळून झाल्यावर बायकोसमोर आ करतो आणि जीभ उचलून दाखवतो.