बहात्तर स्क्रू आणि वर दोन

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या कामावरची माणसं फवारा म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. जुन्या घरांमधलं, इमारतींमधलं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं हे त्याचं काम. छताचे बोर्ड, पाइपांवरची वेष्टनं, पत्रे, जे असेल ते. कोरड्या अ‍ॅस्बेस्टॉसची मोडतोड केली की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि छातीत जाऊन बसतात ते कायमचे. म्हणून आधी साबणाचं पाणी फवारायचं, मग हात लावायचा. इथवर ठीक आहे. पण हा माणूस घरी आल्यावरही कुणाला झाडू मारू देत नाही, आधी ओलं फडकं फिरवा म्हणतो. माझ्या नवऱ्याने एकदा घड्याळ टांगायला ड्रिल काढलं, तर हा भिंतीला पाठ लावून उभा राहिला, भिंत कशाची आहे ते आधी सांगा म्हणून. विटांची होती. तरी ते घड्याळ आठ दिवस कपाटावरच पडून होतं.

दाढीचं तर विचारूच नका. मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, म्हणून रोज सकाळी गाल तुळतुळीत. त्याचीही परीक्षा असते. मास्क लावायचा, डोक्यावरून एक टोपडं चढवायचं आणि त्या टोपड्यात कडू औषधाचा फवारा मारायचा. तोंडाला कडू लागलं की समजायचं, मास्क गळतोय. एका वर्षी आमचे हे साहेब सुट्टीवरून चार दिवसांचे खुंट घेऊन ऐटीत आले आणि तसेच परीक्षेला बसले. अर्ध्या मिनिटात तोंड वाकडं, आणि घरी येऊन मला सांगतानाही तसंच. मी शाळेत गणित शिकवते, नापासांची तोंडं मला नवीन नाहीत, पण इतकं समाधान मला कुठल्याच निकालाने दिलेलं नाही.

आता आमचे बाबा. बाबांनी तीस वर्षं छतं बसवली, आणि ती नेमकी ह्याच बोर्डांची. बापाने जे जन्मभर वर चढवलं ते पोरगा जन्मभर खाली उतरवतोय. आमच्या घरात हा थट्टेचा विषय होता. तुमच्या कृपेने माझं पोट भरतंय, असं भाऊ म्हणायचा आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. आई आम्ही शाळेत असतानाच अपघातात गेली. तेव्हापासून ह्या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि एकमेकांशी दहा मिनिटं धड पटतही नाही. मी सासरी गेले ती दोनच गल्ल्या सोडून, त्यामुळे तंटे सोडवायचं काम माझ्याकडेच राहिलं.

माहेरच्या स्वयंपाकघराचं छतही बाबांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं. भाऊ रोज त्याच्याखाली जेवायचा आणि त्याला सगळं ठाऊक होतं. बोर्ड शाबूत आहेत, वर रंग आहे, कुणी छेडत नाही, तेव्हा असू देत, असं त्याचंच मत. पण गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा पाइप फुटला, पाणी झिरपलं, एका बोर्डाला पोट आलं आणि त्याची कड भुसभुशीत झाली. भावाने मास्क लावला, खाली प्लास्टिक अंथरलं, कड भिजवून नखाएवढा तुकडा काढला आणि डबीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर यायचं तेच आलं.

मग त्याची अक्कल कुठे चरायला गेली कोण जाणे. ओल्या फडक्याने सगळं जग पुसणारा हा माणूस, पण जिभेवर पाण्याचा थेंब नाही. जेवता जेवता बाबांना म्हणाला, "तुम्ही आपल्या घरात विष टांगून ठेवलंत, बाबा." आणि त्याच दमात, छत काढू या आणि तुमची छाती तपासून घेऊ या, असंही म्हणाला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं की छताला कुणी हात लावायचा नाही, आणि मी डॉक्टरकडे येणार नाही, मला काही झालेलं नाही. ते सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. मी तेव्हाच चरकले, पण रागाने फणकारले की तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात.

घर बाबांच्या नावावर, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय काम सुरू होईना. इकडे तो बोर्ड भिजून रोज थोडा खाली येत होता. पडला आणि फुटला तर घरभर तंतू होतील, ह्या धास्तीने भावाची झोप उडाली. त्याने स्वयंपाकघराचं दार प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करून टाकलं. दोन्ही वेळचा डबा माझ्याकडून जायचा, आणि डब्याबरोबर निरोप. त्यांना सांग. त्याला सांग. एका छपराखाली राहणारी दोन मोठी माणसं, आणि मधे मी टपाल. महिनाभर हे चाललं. मी हात टेकले.

शेवटी भावाने कामाचा रीतसर आराखडा लिहून माझ्या हाती दिला आणि म्हणाला, एकदा त्यांना वाचून दाखव. मी बाबांसमोर बसून शाळेतल्या आवाजात वाचायला लागले. तिसऱ्याच ओळीत होतं, बोर्ड खिळ्यांनी ठोकलेले आहेत, ते भिजवून, मोडून, तुकड्यांनी काढावे लागतील.

"खिळे?" बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा शोधला, कागद ओढून घेतला, ओळ दोनदा वाचली. मग एकदम सुटलेच. मी आयुष्यात छताला खिळा ठोकलेला नाही. पितळी स्क्रू आहेत ते. डोक्यांवर पुट्टी भरून वर रंग दिलाय, म्हणून त्या गाढवाला दिसले नाहीत. म्हणे तपासणी केली.

विष म्हटलेलं त्यांनी महिनाभर गिळलं होतं. खिळे म्हटलेलं त्यांना दोन मिनिटंही गिळवेना. माझ्या पिशवीतली एका मुलाची गणिताची वही काढून त्यांनी मागच्या पानावर छत काढलं. सहा बोर्ड, प्रत्येकाला बारा स्क्रू, कुठला कडेपासून किती बोटांवर ते सगळं पाठ. खाली दणदणीत सही केली, त्याच झोकात आराखड्यावरही केली, आणि हे त्याच्या तोंडावर मार म्हणाले.

भावाने त्या पानावरचे स्क्रू बोटाने मोजले. खिळे असते तर मोडतोड अटळ होती, आणि मोडलं की तंतू उडतात. स्क्रू असले तर अख्खा बोर्ड अलगद उतरतो. तो इतकंच म्हणाला की आपण चुकलो. मी त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. अशी संधी रोज येत नाही.

कामाच्या दिवशी बाबांना मी माझ्याकडे आणलं, पण ते थांबतात कसले. मागच्या गल्लीतून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. आतून तिला पारदर्शक प्लास्टिक लावलेलं, बाहेर दोरी बांधून हद्द आखलेली आणि धोक्याची पाटी. बाबांनी दोरीच्या अलीकडे खुर्ची टाकली आणि बसले. मी रजा काढून शेजारी उभी.

आत भिंती, जमीन, सगळं प्लास्टिकने मढवलेलं. एक मोठं यंत्र खोलीतली हवा सतत ओढून, गाळून बाहेर सोडत होतं, म्हणजे फटीतून हवा गेलीच तर ती आत जाईल, आतली बाहेर येणार नाही. भाऊ आणि त्याची दोन माणसं पांढऱ्या कागदी झग्यांत. प्रत्येक स्क्रूवर आधी दाढीच्या साबणासारखा जाड फेस, त्या फेसातच पुट्टी खरवडायची, शेजारी व्हॅक्यूमची नळी, आणि मग स्क्रू हाताने सावकाश फिरवायचा. बाबांच्या बोटांनी मांडीवर तेवढेच फेरे घेतले. स्क्रू बरोबर तिथेच निघत होते. प्रत्येक बोर्ड उतरला की भिजवून प्लास्टिकच्या दोन थरांत बंद, वर चिकटपट्टी, वर धोक्याचा शिक्का. पाच बोर्ड असे उतरले, एकालाही चीर नाही.

सहावा पोट आलेलाच. बारा स्क्रू निघाले, दोघांनी खालून आधार दिला, भाऊ ओढणार, तेवढ्यात बाबा ताडकन उठले. खिडकीकडच्या कोपऱ्यात लाकडी पट्टी वाकडी होती, म्हणून तिथे त्यांनी दोन स्क्रू जास्त मारले होते, आणि नकाशात ते राहून गेले होते. आत यंत्राच्या आवाजात काही ऐकू जाईना. शहात्तर वर्षांचा माणूस खुर्चीवर चढला. मी त्यांचे पाय धरले. ते दोन बोटं वर करून कोपरा दाखवायला लागले, हवेत पेचकस फिरवायला लागले. भाऊ मास्कमधून बघत राहिला. मग त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, कोपऱ्यात फेस लावला, खरवडलं, आणि पितळ चमकलं. दोन्ही स्क्रू निघाले आणि बोर्ड सुईच्या टोकाएवढाही न तुटता खाली आला. बाबा खुर्चीवरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की जणू त्यांनी आजच ते छत बसवलंय.

पुढचे दोन दिवस पुसणं आणि व्हॅक्यूम. शेवटी हवा तपासायला एक बाई आल्या, त्या भावाच्या कंपनीच्या नव्हेत. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नाही, हे ह्यांच्यातही आहे बघून मला बरं वाटलं. त्यांनी बॅटरी मारून कोपरान् कोपरा पाहिला, एका चौकटीवर धूळ दिसली म्हणून पुन्हा पुसायला लावली, आणि हवेचा निकाल चांगला आला तेव्हाच सही केली.

पण खरी गोष्ट त्याआधीची, बोर्ड उतरल्या संध्याकाळची. भाऊ कामावरून एकदम बाहेर येत नाही. प्लास्टिकच्या तीन छोट्या खोल्या असतात. पहिल्या खोलीत झगा काढून पिशवीत टाकायचा, दुसरीत मास्क लावूनच अंघोळ सुरू करायची, तिसरीत घरचे कपडे. तो ओल्या केसांनी बाहेर आला. मला वाटलं, आता बाबा शाबासकी देतील, नाहीतर खिळ्यांवरून सोलून काढतील. ते त्याच्या केसांकडेच बघत राहिले.

"आम्हाला कुणी अशी अंघोळ घालून बाहेर नाही सोडलं रे," ते म्हणाले. "त्या बोर्डांच्या धुळीने पांढरा होऊन यायचो मी. आणि तुम्ही दोघं दारातच येऊन बिलगायचात."

भाऊ म्हणाला, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, बाबा. बाबा म्हणाले, "ते खरं. पण महिनाभर मला दुसरं काही सुचलेलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस रुसलेला नव्हताच. घाबरलेला होता. मी इतके दिवस त्याला हट्टी म्हणत टपाल पोचवत बसले होते. मला इतकं रडू आलं की भावाने खिशातला रुमाल दिला, आणि तोही ओला.

सोमवारी बाबा आपणहून डॉक्टरकडे निघाले. आम्हाला दोघांनाही चला म्हणाले, सोबतीला असेल म्हणून आम्ही गेलो. आत बोलावणं आलं. डॉक्टरांनी विचारलं, कुणाची छाती तपासायची? बाबांनी आम्हा दोघांच्या खांद्यांना धरून पुढे केलं.

"आधी ही दोन पोरं," ते म्हणाले. "माझं मग बघू."

मी एक्कावन्न वर्षांची, भाऊ सत्तेचाळीसचा. आम्ही मुकाट्याने पुढे झालो.