बाईंच्या सहा फळ्या

कुठलंही चित्र हातात आलं की बाई ते आधी उलटं धरत. दुकानातून मिळालेलं कॅलेंडर असो की माझ्या मुलीने पहिलीत काढलेला हत्ती. "सुलटं धरलं की हत्ती दिसतो रे, चित्र दिसत नाही," असं वर ऐकवत.

बहरीनमध्ये, अदलियातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. मी वसईचा, परवानग्यांची कागदपत्रं बघायचो. बाई अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, रिफातल्या बंगल्यांचे नकाशे काढायच्या. तरुणपणी मुंबईत त्यांच्या चित्रांची प्रदर्शनं झाली होती म्हणे. पुढे लोक विसरले आणि बाईंनीही कुणाला आठवण करून दिली नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रोज शेजारी बसतात, म्हणून ती आपल्याला कळली असं वाटतं.

घरी त्या साइटवरच्या उरलेल्या प्लायवूडवर रंगवत. मी मुद्दाम छेडायचो.

"बाई, हे काय?"

"रिफातली दुपार."

"यात माणसं कुठायत?"

"जुलैत भरदुपारी तू तरी बाहेर पडतोस का?"

शुक्रवारी सूर्य कलला की शब्बाथ पाळायचा म्हणून ब्रश असेल तिथे थांबे. "खलास. आता उद्या दिवस मावळल्यावर." अर्धा फटकारा तसाच राही.

भाडं वाढल्यावर त्या मुहर्रकला एका खोलीत राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "रंगवलेल्या सहा फळ्या ठेवशील? मोठी जागा मिळाली की नेते." मी त्या स्टोअररूममध्ये भिंतीकडे तोंड करून लावल्या.

वर्ष गेलं. नाताळच्या गोठ्यामागे आकाश करायला मला काहीतरी हवं होतं आणि फळ्या मापाला अगदी बरोबर बसल्या. खरं सांगतो, मनात वाईट काही नव्हतं. बाई काय, नवीन रंगवतातच, असं वाटलं. पटापट निळा ऑइलपेंट मारला आणि चांदण्या चिकटवल्या.

नाताळला बाई दरवर्षीसारख्या आमच्याकडे आल्या. गोठ्यासमोर थांबल्या. एका फळीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"किती हात दिलेस?"

"दोन."

"बरं." मग एका चांदणीची सुटलेली कड दाबत, "आकाश छान झालंय."

आणि माझ्या बायकोकडे करंज्या मागितल्या. तेव्हाच मी माफी मागायला हवी होती. बाई रागावल्या नाहीत याचंच मला हायसं वाटलं. पुढे त्या गावी गेल्या आणि तिथेच वारल्या. माफी राहूनच गेली.

यंदा इथल्या एका संग्रहालयात बाईंच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. दारावर मोठ्या अक्षरांत 'विस्मृतीत गेलेली आधुनिक चित्रकार'. आत मुंबईची चित्रं, कुणाकुणाच्या घरून मिळवलेली. शेवटची भिंत मात्र मोकळी होती. तिथे लिहिलं होतं, बहरीनमधलं काम सापडलेलं नाही.

प्रदर्शन मांडणारी मुलगी पुण्याची निघाली. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"काका, फळ्या आहेत अजून?"

"आहेत. दर नाताळला लावतो."

दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नेल्या. तिने कापूस कसल्याशा द्रवात बुडवला आणि एका कोपऱ्यावर हलकेच घासला. निळा रंग सुटायला लागला. आनंदाने मला हसूच फुटत होतं. मग तिचा हात थांबला.

"सॉरी काका. निळ्याबरोबर खालचंही निघतंय."

तिने कापूस उलटा करून दाखवला. निळ्याच्या कडेला पिवळा लागला होता. फळ्यांवर पिवळा होता हेच मला माहीत नव्हतं, कारण रंग मारताना मी त्यांच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. बाईंच्या त्या सहा चित्रांतलं मी पाहिलं ते एवढंच, कापसावरचं, नखाएवढं.